रत्नमालाबाईंची हाताने लिहिलेली ओळ

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, मोठा आवाज तर नाहीच. मी आहे एक जुनी क्वेरी. क्वेरी म्हणजे संगणकाला विचारलेला प्रश्न. भंडाऱ्याच्या एका कचेरीत, याद्या करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात मी राहते. ते जुन्या नोंदी घेतं, नीटनेटक्या करतं आणि नव्या यादीत मांडतं. कोणाच्या नोंदी घ्यायच्या, ते मी सांगते.

चौकटींवर टिचक्या मारल्या की सॉफ्टवेअर स्वतःच क्वेरी घडवतं. मीही तशीच घडले. पण तेव्हा मला फक्त आज वसलेली गावं दिसत. धरणाच्या पाण्यात गेलेलं गाव मला ठाऊकच नव्हतं. त्या गावची कुंताबाई नव्या वसाहतीत राहायची. घराच्या जागेचा पट्टा मिळणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव आलं नाही, म्हणून ती कचेरीत आली.

"बाई, गाव बुडालं, आमी तं जित्ते आहोन ना," ती म्हणाली.

संगणकावर बसणाऱ्या रत्नमालाबाईंना ते फार लागलं. त्यांनी मला उघडलं आणि हाताने एक ओळ वाढवली: बुडालेल्या गावाची माणसंही घ्यावी. काय सांगू मित्रांनो, एकशे बारा नावं परत आली! साहेबांनी शाबासकी दिली. मलाही उगीचच मोठं झाल्यासारखं वाटलं. पट्टे मात्र दरवर्षी थोडेथोडे निघत, आणि कुंताबाईची पाळी यायची होती.

मग रत्नमालाबाईंची तुमसरला बदली झाली. त्यांच्या जागी धर्मेंद्र आला. पोरगा कामसू. यादीत मोबाईल नंबर हवा म्हणून त्याने त्या जुन्या चौकटी उघडल्या, एक टिचकी वाढवली आणि जतन केलं. झालं! सॉफ्टवेअरने मला पहिल्यासारखं नव्याने घडवलं. हाताने लिहिलेली ओळ पुसली गेली, आणि पडद्यावर कुठे चूक झाल्याचं दिसलं नाही.

नेमकी त्याच साली कुंताबाईची पाळी होती. ती दर सोमवारी यायची.

"कम्प्युटर नाही म्हणून राहिला, आजी," धर्मेंद्र सांगायचा.

"मांगच्या साली तं होतं माह्यं नाव. औंदा काहून नाही?"

मला उत्तर माहीत होतं हो. पण मला विचारतो कोण? पुढे सोमवार येत राहिले, पण ती येईना.

एकदा रत्नमालाबाई कामानिमित्त आल्या. यादी पाहताच त्यांच्या ध्यानात आलं. ओळ पुन्हा लिहिताना त्या एवढंच म्हणाल्या, "पुसाच्या आंधी विचाराले काय झालं होतं, धर्मेंद्र?"

आठ दिवसांत पट्टा तयार झाला. धर्मेंद्र स्वतः घेऊन गेला आणि मान खाली घालून परतला. कुंताबाईला जाऊन महिना झाला होता. सुनेने कागद घेतला होता आणि म्हटलं होतं, "द्या, फोटोपाशी ठेवतो."

मित्रांनो, दुसऱ्याने लिहिलेलं बदलण्याआधी एकदा वाचा. ते कोणासाठी लिहिलंय, तेवढं विचारा. मी अजूनही तीच एकशे बारा नावं आणते. त्यांत कुंताबाईचंही असतं. ती गेल्याची नोंद अजून कोणी केलेली नाही.