ठमीच्या आधी मी होतो

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. चार पाय आहेत, एक कप्पा आहे, पण मन काही फार मोठं नाही, हे आधीच कबूल करतो. माझ्या बाईंना मुलगी झाली तेव्हा साऱ्या घराला आनंद झाला. मला झाला नाही.

एका सुताराने मला रंधा मारला, माझे कोपरे गोल केले आणि टपाल कचेरीला विकलं. तिथे मी बावीस वर्षं शिक्क्यांचे ठोके खाल्ले. मग कचेरीत लोखंडी टेबलं आली आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात, तुटक्या खुर्च्यांमागे झाली. बाईंनी मला तिथे पाहिलं आणि म्हणाल्या, "हेच हवं."

"अगं, किती जुनं आहे," त्यांचे यजमान म्हणाले.

"मी तरी कुठे नवी कोरी आहे?"

बाई तेव्हा नुकत्याच या परदेशात गणित शिकवायला आल्या होत्या. यजमान लोकांच्या घरांचे नकाशे काढायचे. त्यांनी आपलं काम स्वयंपाकघरात मांडलं आणि खिडकीजवळची उजेडाची जागा बाईंना दिली. म्हणजे मला. गणित बाईंच्या हातचा मळ होता, पण इथली भाषा जिभेवर बसेना. म्हणून रोज संध्याकाळी त्या माझ्यासमोर उभ्या राहून उद्याचा तास मोठ्याने घ्यायच्या. अडलेले शब्द देवनागरीत लिहायच्या, जोर द्यायचा तिथे लाल रेघ मारायच्या. मध्येच माझ्यावर टिचकी मारून विचारायच्या, "कळलं का?" मला सगळं कळायचं. मित्रांनो, बाईंचा पहिला विद्यार्थी मी होतो. चार वर्षं!

मग ठमी आली. टकलू, लालबुंद, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावरून लोक डोकावायचे. यजमानांनी माझ्यावर रजईची घडी अंथरली.

"इथेच लंगोट बदलू. उंची अगदी बेताची आहे, तुझी कंबर तरी धरणार नाही."

"आणि माझ्या वह्या?"

"खिडकीत सरकव. तू शाळेत गेलीस की ठमी आणि मी आहोतच. काळजी करू नकोस."

चांगला माणूस हो! पण मला त्यांचा रागच आला. ज्या पाठीवर बाईंनी शेकडो उत्तरपत्रिका तपासल्या, तिथे आता शी-शू. तेही मी सोसलं असतं. पण बाळंतपणाची रजा संपत आली, बाईंना संध्याकाळ उरेना, आणि त्या लंगोट बदलता बदलताच तास घेऊ लागल्या. तोही ठमीला! अपूर्णांकांचा तोच तास, तीन आठवडे रोज. शेवटी तिच्या नाकाला बोट लावून विचारायच्या, "कळलं का?" ठमी जांभई द्यायची. बाई म्हणायच्या, "हुशार गं माझी सोनी!"

जांभईला शाबासकी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षांत मी एकदाही जांभई दिली नव्हती.

रजा संपल्यावर पहिल्याच सोमवारी मुख्याध्यापिका माझ्या बाईंच्या याच तासाला मागे बसणार होत्या. तास पसंत पडला तर नेमणूक कायम, नाहीतर गाशा गुंडाळायचा. यजमानांनी आवराआवर करताना त्या तासाचा लाल रेघांचा कागद, ठमीने भिजवू नये म्हणून, माझ्या कप्प्यात ठेवला. सोमवारी सकाळी बाईंनी कप्पा ओढला. मी सोडला नाही.

"ओल्या दुपट्यांनी लाकूड दमटलंय," यजमान म्हणाले. त्यांनी फटीत पट्टी घालून पाहिली, गुडघा टेकवून ओढलं. दमटलंय कसलं! मी अडून बसलो होतो. जिला शाबासकी देता, तिच्याकडूनच मागा की कागद!

बाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. "झालं! आता त्यांच्यासमोर माझी बोबडी वळणार. उगाच आले मी इथे. तुझ्याही कामाचा खोळंबा केला."

ते रडणं ऐकून माझा सगळा राग उतरला. मी कप्पा सोडायला गेलो. पण रुसवा धरणं सोपं, सोडणं महाकठीण. कप्पा जागचा हलेना.

यजमानांनी ठमीला बाईंच्या मांडीवर दिलं. "तीन आठवडे हिला हाच तास दिलास. कागद बघून दिलास?"

"नाही रे. हातात लंगोट असायचा."

"मग मागच्या बाकावर ठमी बसली आहे असं समज. जांभई आली तरी थांबू नकोस."

बाई डोळे पुसून गेल्या. दिवसभर मला काही सुचलं नाही. संध्याकाळी त्या दारातूनच ओरडल्या, "कायम झाले! आणि मुख्याध्यापिकांनी खरंच जांभई दिली!"

"मग?"

"'हुशार गं' म्हणणार होते. जीभ चावली."

दोघं पोट धरून हसली. मग यजमान माझ्याकडे वळले. "आता हे धूड काढू. कप्पाही उघडत नाही."

म्हणजे पुन्हा तुटक्या खुर्च्यांमागे!

"नको," बाई म्हणाल्या. "इथे आल्यावर मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते याच्यासमोर. तेव्हा हे एकटंच मला हसलं नाही. आणि ठमी आल्यापासून मी याला साधं पुसलंसुद्धा नाही." त्यांनी ओलं फडकं आणून मला स्वतः पुसलं, पायांपर्यंत. यजमानांनी फटीत साबण घासला आणि कप्पा अलगद बाहेर आला. साबणामुळे, असं ते म्हणाले. म्हणू देत.

ठमीवर मी अजूनही थोडा जळतो, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं बाळ आलं की सगळे त्याच्याकडे धावतील. धावू देत. पण कोपऱ्यात कुणी गप्प बसलं असेल, टेबल असो की मोठी ताई, तर जाता जाता त्याच्या पाठीवरून एक हात फिरवा. बाळ रडून मागून घेतं. आम्हाला मागता येत नाही.