चारशे कमी

सासऱ्यांनी आयुष्यभर घरोघरी फिरून विजेचे मीटर वाचले होते. आकडा वाचण्यात ते चुकत नसत. तरी त्या सकाळी त्यांनी सुनेच्या दंडाला बीपीचा पट्टा दुसऱ्यांदा बांधला. आधी एकशे ब्याण्णव आलं होतं, आता एकशे अठ्ठ्याण्णव. खालचं एकशे दहा.

"मशीन बिघडलं असेल, बाबा," सून म्हणाली.

त्यांनी पट्टा स्वतःच्या दंडाला लावून पाहिला. एकशे तीस. मशीन ठणठणीत होतं.

सुनेच्या किडन्या निकामी होऊन वर्ष होत आलं होतं. ती घरीच पोटाचं डायलिसिस करायची. दिवसातून चार वेळा नळीने दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचं आणि काही तासांनी पिशवीत काढायचं. येताना ते अंगातलं जास्तीचं पाणीही ओढून आणायचं, म्हणून पिशवी दोन लिटरच्या वरच भरायची. तिचा नवरा जहाजावर नोकरीला, त्यामुळे हात धुणं, मास्क, वजनं, वही हा सगळा कारभार सासरे-सुनेचाच.

त्यांनी पिशवी काट्याला अडकवली. एक किलो सहाशे.

"चारशे कुठे गेले?"

"आतच राहिले असतील. कालही कमीच आलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही जेवला नसता."

तिच्या घोट्यावर मोज्याची खूण खोल रुतली होती. सासूबाई अशाच एका सकाळी, बीपी वाढून, कपडे वाळत घालता घालता कलंडल्या होत्या, त्या पुन्हा उठल्या नव्हत्या.

सून शिवणयंत्रापाशी बसली. दोरा काही सुईत जाईना.

"सुईला दोन नेढी दिसतायत," ती म्हणाली. हसायला गेली, पण जमलं नाही.

सासऱ्यांनी लगेच डायलिसिसच्या सिस्टरना फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि आकडे नि दोन-दोन दिसणं सांगितलं. पाणी जास्त झालं का, मीठ जास्त झालं का, गोळ्या चुकल्या का, सगळ्याची उत्तरं त्यांनीच दिली. मग सिस्टरनी विचारलं, "पोट कधी साफ झालं?"

सून मान खाली घालून शिवायला घेतलेल्या शर्टाची कॉलर चाचपत राहिली.

"ताई, ऐकू येतंय ना?"

सासरे उठले. "मी जरा खालचा मीटर बघून येतो."

ते जिन्यातच, भिंतीला हात टेकून उभे राहिले. आतून हळू आवाज आला, "सहा दिवस झाले."

"अहो, लाजताय काय? आतडी तुंबली की नळी बाजूला ढकलली जाते. पाणी आत साठतं आणि बीपी चढतं. आणि दोन-दोन दिसतंय म्हणता? आत्ताच्या आत्ता निघा."

टॅक्सीत सासरे तिच्या ओठांकडेच बघत होते. ओठ वाकडा तर होत नाही ना?

"बोलत राहा," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"सतराचा पाढा म्हण."

"सतरा साते एकशे एकोणीस. सतरा आठे..." ती थांबली.

सासरे तिच्याकडे वळले. "सतरा आठे, बाळा?"

"एकशे छत्तीस," ड्रायव्हर म्हणाला.

"मला तो शाळेतही यायचा नाही, बाबा," ती डोळे मिटून म्हणाली.

हॉस्पिटलात पोटाचा एक्स-रे काढला. नळीचं टोक खालून सरकून वर गेलं होतं. डॉक्टरांनी बीपीचं औषध शिरेतून सुरू केलं, पोट साफ व्हायचं औषध दिलं आणि म्हणाले, "दोन दिवसांत नळी जागेवर आली तर ठीक. नाहीतर ऑपरेशन."

सासरे दोन दिवस बाकावर बसून होते. पहिल्या दिवशी पिशवी सतराशे भरली, दुसऱ्या दिवशी एकोणीसशे. तिसऱ्या सकाळी सिस्टरनी काट्याकडे बोट दाखवलं. दोन किलो तीनशे. बीपी एकशे बावन्न. अजून उतरायला हवं होतं, पण सावकाश, असं डॉक्टर म्हणाले.

त्याच दुपारी जहाजावरून फोन आला.

"अगदी ठीक आहे मी," सून नवऱ्याला म्हणाली.

सासऱ्यांनी हात पुढे करून फोन घेतला.

"ठीक नव्हती," ते म्हणाले. "आज आहे. उद्याचं उद्या सांगतो."