शुक्रवारला टेकणारी रेघ

इलियानाने शेवटचा आकडा भरला आणि पडद्यावरची रेघ खाली वळली. तिने आकडा पुसला, वहीच्या पानाचा फोटो मोठा करून पुन्हा वाचला, पुन्हा भरला. रेघ तशीच वळली.

राजधानी कीतोतली परिषद दोन दिवसांवर आली होती. चाक्रापाम्बाच्या डोंगरावरची भेग किती सावकाश रुंदावते, हे तिच्या पोस्टरमध्ये मांडायचं होतं. भेगेच्या दोन्ही काठांवर खुंट्या ठोकलेल्या होत्या. खालच्या वस्तीतली रोसाउरा, मानाने डोन्या रोसाउरा, दर रविवारी त्यांच्यामधलं अंतर टेपने मोजून वहीत लिही आणि फोटो पाठवी. जूननंतरचे फोटो घाईगर्दीत इलियानाच्या फोनमध्येच पडून राहिले होते. जूनमध्ये भेग आठवड्याला दोन मिलिमीटर रुंदावत होती. गेल्या रविवारी, चौतीस. वेग वाढला की ही रेघ खाली उतरे; ती तळाला टेकली की डोंगर सुटणार. वेग असाच वाढत राहिला, तर ती शुक्रवारी टेकत होती. आज मंगळवार.



तिचे मार्गदर्शक डॉक्टर ओचोआ मागे येऊन उभे राहिले. हातातली कॉफी टेबलावर ठेवून त्यांनी आलेख वाचला.

"आलेख जूनला थांबव," ते म्हणाले. "परिषदेला पाठवलेल्या सारांशात तेवढंच दिलंय आपण."

"आणि खालची वस्ती, डॉक्टर?"

"गुरुवारी सभागृहात आपत्ती खात्याची माणसं असतील. तिथे नीट मांडू." मग आवाज उतरवून, "मागच्या वेळचं विसरलीस का, पोरी?"

ती विसरली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिच्या शब्दावर चाळीस घरं रिकामी झाली. लोक तीन आठवडे शाळेच्या फरशीवर झोपले, शेतात मका सडला, आणि डोंगर तसूभरही हलला नाही. परतणाऱ्या लोकांनी तिच्या गाडीवर चिखल फेकला होता.

"तू ठरव," दाराशी पोचून ते म्हणाले. "पण पोस्टरवर माझंही नाव आहे."

इलियानाने आपत्ती खात्यात फोन लावला, तर 'लेखी पाठवा, सोमवारी पाहणी करू' असं उत्तर आलं. मग तिने रोसाउराला लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा कोंबड्यांच्या कलकलाटातून आवाज आला.

"डोन्या रोसाउरा, घाबरू नका, पण..."

"घाबरायचं ते घाबरून झालं, इंजिनियरबाई. रविवारीच घर सोडलं आम्ही. पलीकडच्या टेकडीवर भावाकडे आहोत."

"रविवारी? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी म्हणजे? टेप कुणाच्या हातात होता?" तिने कोंबड्यांना हुश् केलं. "दोन महिने वाट बघितली तुमच्या फोनची. म्हटलं, शिकलेली माणसं गप्प आहेत म्हणजे काही नसेल. पण परवा टेपवरचा आकडा बघितला अन् बिऱ्हाड बांधलं."

"माझं चुकलं, डोन्या."

"ते नंतर. अकरा घरं आलीत माझ्यासोबत. बाकीचे हसतात. म्हणतात, चौथी शिकलेली बाई, हिला डोंगराचं काय कळतंय! तुमचा तो मोठा कागद झाला का?"

"आता छापायला घालणार."

"माझं नाव आहे का त्याच्यावर?"

इलियानाने पाहिलं. तळाशी बारीक अक्षरांत 'स्थानिक सहकार्य' एवढंच होतं.

"नाही," ती म्हणाली.

"बरंच झालं. तुमचं अन् डॉक्टरांचं नाव बघून तरी मानतील. कागद घेऊन या इकडे."

इलियानाने फोन ठेवला. मग तिने पोस्टरवरच्या नावांची ओळ बदलली, रेघ जूनला न थांबवता शुक्रवारपर्यंत नेली आणि छापायला दिली. कीतोची बस साडेचारला होती. ती तीनच्या बसने डोंगराकडे गेली.

उन्हं कलताना खालच्या वस्तीत, चाक्रापाम्बाच्या चॅपेलच्या भिंतीवर तिने कागद चिकटवला. माणसं जमली, पण लांबच उभी राहिली. कोणीतरी म्हणालं, "आली पुन्हा मका सडवायला!" दोघंतिघं हसले. तिने भिंतीला पाठ टेकवली.

टोपीवाला एक शेतकरी पुढे झाला. वरच्या ओळीवर बोट ठेवून त्याने एकेक अक्षर जुळवलं.

"रोसाउरा गुआमान," तो मोठ्याने म्हणाला. "ही आपली रोसाउरा? डॉक्टरच्याही आधी?"

"मोजलंय तिनेच," इलियाना म्हणाली. "आम्ही नुसती रेघ काढली. तीही उशिरा."

हसणं थांबलं. त्याचं बोट रेघेवरून सावकाश खाली उतरत गेलं आणि तळाशी, शुक्रवारपाशी थांबलं. त्याने मान वर करून डोंगराकडे पाहिलं. मग मागे न वळताच त्याने बायकोला हाक मारली.

"गाय सोड."