एक अक्षर जास्त

वार्षिक मेळाव्याची पत्रिका हातात पडली आणि भीमसेनरावांच्या पोटात दुखायला लागलं. बेंगळूरमधल्या राजाजीनगरच्या मराठी मंडळात गेली एकतीस वर्षं त्या दिवशीचा शेवटचा अर्धा तास त्यांचा असे. त्यांचे मूळपुरुष नरसोजी एका गढीच्या वेशीवर दीड दिवस एकटे कसे लढले, ही गोष्ट ते सांगत. ऐकणारी पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, तरी नरसोजी दरवर्षी तसेच हसत हसत शत्रूवर तुटून पडत. यंदा त्या जागी छापलं होतं: ‘नरसोजींचे पत्र, मोडीवाचन: सुखदा’. आणि त्याखाली बारीक अक्षरात, ‘दोन शब्द: भीमसेनराव’.

दोन शब्द! एकतीस वर्षं सभागृह गाजवणाऱ्या माणसाला दोन शब्दांवर आणून बसवलं होतं.

ही सुखदा पुण्याची. येलहंक्याला राहायची, आठवडाभर कुठल्याशा आयटी कंपनीत काम करायची आणि रविवारी हौसेनं मोडी लिपी शिकवायची. बेंगळूरला येऊन तिला उणंपुरं दीड वर्ष झालं होतं आणि तिचं कन्नड रिक्षावाल्याला ‘स्वल्प निधान’, म्हणजे जरा हळू, म्हणण्यापलीकडे गेलं नव्हतं. भीमसेनरावांचं घराणं इथे साडेतीनशे वर्षं नांदत होतं. पण मंडळाचे सेक्रेटरी हणमंतराव तिच्यामागे नुसते नाचत होते. “भीमण्णा, नवीन रक्त हवं की नको?” असं त्यांनी भीमसेनरावांनाच विचारलं. भीमसेनरावांचं रक्त त्यावर जे उकळलं ते आठ दिवस उकळतच राहिलं.

त्यातून पत्र तिला दिलं कुणी, तर खुद्द बायकोनं. सुखदा घरी आली, वसुमतीबाईंनी कपाटातला पत्र्याचा डबा काढला, तिनं फोटो घेतले. वर तिला चिरोटी वाढली. भीमसेनरावांच्या वाट्याला चिरोटी दिवाळीखेरीज येत नसे.

“मला विचारायचं तरी,” ते फणकारले.

“काय विचारायचं? तुम्हाला कुठे वाचता येतंय ते?” वसुमतीबाई म्हणाल्या. “किती गोड पोर आहे. अक्का अक्का म्हणून मागे मागे फिरत होती.”

ते ‘अक्का’ त्यांना फार झोंबलं. अक्का म्हणायलासुद्धा शिकली होती म्हणजे!

वाचता येत नव्हतं हे मात्र खरं होतं. भीमसेनरावांच्या वडिलांना मोडी येई. लहानपणी ते पत्र काढून वाचून दाखवत, पण ‘आम्ही वेशीपासी होतो’ इथपर्यंत आले की घडी घालत आणि म्हणत, “पुढचं तू शीक आणि तूच वाच.” भीमसेनराव शिकले नाहीत. आधी परीक्षा आल्या, मग टेलिफोन खात्यातली नोकरी, मग मुलंबाळं. पुढची गोष्ट त्यांनी पदरचा मीठमसाला घालून रचली. नरसोजींचं ते हसणं भीमसेनरावांचं होतं. एकटं लढणंही त्यांचंच होतं.

मेळाव्याच्या दिवशी ते पहिल्या रांगेत बसले ते सुखदाची चूक पकडायचीच, असं ठरवून. दुसरं काही मनात नव्हतं. तिची साडी नेटकी होती, आवाज खणखणीत होता, आणि सभागृह जे गप्प झालं होतं तसं त्यांच्या गोष्टीला पाच-सात वर्षांत झालं नव्हतं. हे त्यांनी मनाशी कबूल केलं आणि त्यांचा जळफळाट आणखी वाढला.

पडद्यावर पत्राचा फोटो होता. खाली तिनं एकेक अक्षर देवनागरीत उतरवलं होतं, पण इतकं बारीक की पहिल्या रांगेपलीकडे कुणाला दिसू नये.

“नरसोजी थोरल्या भावाला लिहितात,” सुखदा म्हणाली. “‘आम्ही वेशीपासी होतो. गनीम पाहोन हेरला. परंतु वेस सोडिली नाही.’ म्हणजे काका दरवर्षी सांगतात ते खरंच आहे. उलट नरसोजी नुसते शूर नव्हते, शत्रूला आधीच हेरणारे होते! फक्त ‘हेरला’ लिहिताना त्यांचा हात घसरलाय. मधे एक ‘द’ जास्त पडलाय, शेवटचं अक्षरही जरा चुकलंय.”

टाळ्या पडल्या. भीमसेनरावांनी चष्मा वर सरकवून ती बारीक ओळ वाचली. ‘हेदरलो.’

पायात काटा रुतला की आई सुई घेऊन बसायची आणि म्हणायची, “हेदरू नको रे, स्वल्पच दुखेल.” कन्नडमधून घरात आलेला शब्द. पुण्याच्या पोरीला तो कुठून ठाऊक असणार? सापडली! आनंदाच्या भरात ते ताडकन उठले.

“चूक!” ते ओरडले. “साफ चूक वाचलंय!”

सुखदाचा चेहरा उतरला. हणमंतरावांनी धावत माईक आणून दिला. दोनशे माणसं मागून पाहत होती. भीमसेनरावांनी तोंड उघडलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हेदरलो म्हणजे घाबरलो.

ते सांगितलं की ही पोर तोंडघशी पडणार होती, पण तिच्याबरोबर नरसोजीही पडणार होते, आणि एकतीस वर्षं त्यांना हसत हसत लढवणारा भीमसेनही. नाही सांगितलं, तर नरसोजी आणखी मोठे होत होते. “माफ करा, माझाच चष्मा जुना झालाय,” एवढंच म्हणून बसता आलं असतं. तिचं नाव झालं असतं, एवढंच. तेही सहन होण्यासारखं नव्हतं म्हणा.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. त्या माणसानं आपल्या हातानं लिहिलं होतं, थोरल्या भावाला, काही न लपवता.

“अक्षर जास्त नाही,” भीमसेनराव म्हणाले. “हात घसरलेला नाही. हेदरलो असंच आहे. आमच्या घरात अजून म्हणतात. हेदरलो म्हणजे भ्यालो. नरसोजी भ्याले होते. मी सांगत होतो ते... ते हसणं माझं होतं.”

मागे कुणीतरी खोकलं. वसुमतीबाईंनी मान खाली घातली. भीमसेनरावांना वाटलं, आता ही पोर सूड घेणार. त्यांनी घेतला असता.

सुखदा पडद्याकडे वळली. तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, “काका, हा ‘परंतु’ मला आठ दिवस छळत होता. शत्रू हेरला, परंतु वेस सोडली नाही. इथे परंतु कशाला? काही केल्या जमेना.” ती माईक विसरून पुढे आली. “आता जमलं. तुम्हीच वाचा ना. तुमचा शब्द आहे.”

भीमसेनरावांनी वाचलं. “गनीम पाहोन हेदरलो. परंतु वेस सोडिली नाही.” मग त्यांनी माईक हणमंतरावांना परत दिला. यंदाचे त्यांचे शब्द खरोखरच दोन ओळींत संपले. मात्र सभागृह जे गप्प होतं, ते आता त्यांच्यासाठी होतं.

कार्यक्रम संपल्यावर सुखदा त्यांना दारात गाठून उभी राहिली. पोरं तिच्याभोवती घोटाळत होती, तिच्याबरोबर फोटो काढत होती. भीमसेनरावांना ते अजूनही आवडत नव्हतंच.

“काका, राग नका मानू,” ती म्हणाली. “पण पत्र घरात होतं, शिकवायला वडील होते. इतकी वर्षं मोडी का नाही शिकलात?”

परीक्षा, नोकरी, मुलंबाळं. उत्तर जिभेवर तयार होतं. कित्येकदा दिलेलं, गुळगुळीत झालेलं. पत्रात भलतंच काही निघालं तर, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

“हेदरलो,” भीमसेनराव म्हणाले.

सुखदा हसली नाही. ती पुढच्या शब्दासाठी थांबली. तो येत नाही असं पाहून तिनंच विचारलं, “परंतु?”

भीमसेनरावांनी वसुमतीबाईंकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“रविवारी किती वाजता असतो तुझा वर्ग?”