'वाचले'चा शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ लाकडी आणि तळाशी कोरलेला शब्द एकच, 'वाचले'. समाजकार्य शिकवणाऱ्या एका कॉलेजात माझी अठरा वर्षं गेली.

मित्रांनो, तेव्हा माझा थाट होता. विद्यार्थी वस्त्यांत, दवाखान्यांत जाऊन काम करायचे आणि रोजचं काम वहीत लिहायचे. मॅडम ओळ न् ओळ वाचायच्या, समासात खोचक प्रश्न लिहायच्या आणि मगच मला उचलायच्या. मी उमटलो की मुलं ओल्या शाईवर हळूच फुंकर घालायची.

मग साथ आली. मुलांना बाहेर पडायला बंदी झाली. भेटींऐवजी फोन करा, असं ठरलं. मी मॅडमच्या घरी गेलो. वह्या त्यांच्या फाटकापाशी ठेवलेल्या खोक्यात पडायच्या. मॅडम हातमोजे घालून शेवटचं पान उघडायच्या, ठप्प, की वही बंद! त्यांना तरी किती बोल लावू? आतल्या खोलीत सासूबाई तापाने फणफणलेल्या होत्या. पण बोल लावतोच.

एका विद्यार्थिनीकडे एकटे राहणारे शिंपीकाका सोपवलेले होते. ती मंगळवारी आणि शुक्रवारी फोन करायची. "पोरी, तू जेवलीस का?" असं काकाच तिला आधी विचारायचे. एका मंगळवारी त्यांनी फोन उचलला नाही. शुक्रवारीही नाही. तिने घाबरून मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मी जाऊन बघून येऊ का?"

"अजिबात नाही. तुला काही झालं तर जबाबदार कोण? पत्त्यासकट सगळं वहीत लिही. वाचून मी कोणाला तरी पाठवते."

तिने लगेच लिहून वही खोक्यात टाकली. संध्याकाळी मी उमटलो, तो नेमका त्या पत्त्यावर. दुसऱ्या दिवशी वही परत मिळाली आणि तिचा जीव भांड्यात पडला. मॅडमनी वाचलंय, म्हणजे कोणीतरी गेलं असणार, काकांना दवाखान्यात नेलं असणार.

कोणी गेलं नव्हतं. वही परत मिळाल्यापासून सहाव्या दिवशी शेजाऱ्यांनी दार फोडलं. काका दारापर्यंत सरपटत आले होते. डॉक्टर म्हणाले, प्राण जाऊन जेमतेम एक दिवस झालाय.

कॉलेजात चौकशी झाली. चौकशी करणाऱ्या साहेबांनी वहीतल्या माझ्या ठशावर बोट ठेवलं. "शिक्का आहे ना? मग सगळं नियमाप्रमाणेच झालंय."

"मॅडम, तुम्ही वाचलं होतंत ना?" मुलीने विचारलं. मॅडमनी वही ओढून घेतली आणि ठशाखालचा पत्ता तेव्हा पहिल्यांदा वाचला.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. आधी पान वाचा, आणि तेवढी सवड नसेल तर मला चुलीत घाला. मी धडधडीत खोटं बोललो, आणि माझ्यावर विसंबून ती पोर पाच रात्री निवांत झोपली.