फुकट, दोन माणसं आणा

त्यानं खिशातून टेप काढली आणि ऑर्गनची लांबी-रुंदी मोजायला लागला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. वाजवणारा माणूस आधी बाकावर बसतो. टेरप्स्ट्रा नावाचा हा गृहस्थ झ्वोलेहून तासभर गाडी हाकत आला होता आणि आता गुडघे टेकून ऑर्गनच्या पोटात डोकं घालत होता.

“आतलं सगळं निघतं ना हो?” त्यानं विचारलं.

“निघतं म्हणजे?”

“वायरी, स्पीकर, ते सगळं. मला नुसती पेटी हवीय. आत दिवे लावायचे आणि पट्ट्यांच्या जागी ग्लास टांगायचे. दारूचं कपाट! बायकोनं कुठंतरी फोटो बघितलाय.”

या माणसाला मी कॉफी दिली होती. कॉफीबरोबर डब्यातून एक बिस्किट द्यायचं आणि झाकण लावायचं ही आमच्याकडची रीत; याच्यासाठी मी डबा दोनदा उघडला होता.

“चाळीस देतो,” तो उठत म्हणाला. “जाहिरातीत पन्नास आहे, पण झाकणावर ओरखडा आहे बघा.”

“साहेब, हा वाजतो.”

“वाजत असेल हो. पण ऐकणारंय कोण?”

मी त्याला दार दाखवलं. जाताजाता तो पंचेचाळीस म्हणाला, फाटकापाशी पोचल्यावर पन्नास म्हणाला. पैशांशिवाय दुसरी भाषाच येत नाही या लोकांना. मी खिडकीतून त्याची गाडी पुलावरून जाताना बघितली आणि मनात म्हटलं, अडतीस वर्षं बोटींसाठी उघडायचा हा पूल मी सांभाळला, तेव्हा असा एखादा वर असताना उघडायला हवा होता.

पुलाचं काम आता राहिलं नाही. ग्रोनिंगेन शहरात कुठल्याशा खोलीत एक पोरगं पडद्यासमोर बसून असले बारा पूल उघडतं. मी होतो तेव्हा बोटवाल्यांशी बोलायचो, म्हणजे बहुतेक शिव्याच द्यायचो, पण तोंडावर. आणि आमचं घर पुलाच्या समोरच, त्यामुळे खिडकी उघडी असली की फेनाचा ऑर्गन तिथं ऐकू यायचा. रविवारी स्तोत्रं, इतर दिवशी वॉल्ट्झ, म्हणजे नाचाच्या धुना. दोनदा तरी असं झालंय की पूल उघडून मी ऐकत उभा राहिलो, बोटी निघून गेल्या आणि दोन्ही बाजूंना गाड्या भोंगे वाजवत राहिल्या.

फेना माझी बायको. तो ऑर्गन घ्यायला तिनं पाच वर्षं बटाट्याच्या स्टार्चच्या कारखान्यात पहाटपाळी केली. त्र्याऐंशी साली तो घरी आला तेव्हा चार माणसांनी उचलून आत आणला आणि तो बघायला सगळी गल्ली जमली. गेल्या नोव्हेंबरात फेना जिन्यावरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. जिन्याच्या घरात आता राहता येणार नाही म्हणून म्हाताऱ्यांच्या इमारतीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. ती तीन आठवडे आधी तिकडे गेली. घर रिकामं करून शुक्रवारी घरं भाड्यानं देणाऱ्या संस्थेला किल्ल्या द्यायचं काम माझ्याकडे आलं. नव्या जागेत ऑर्गन मावत नव्हता. बिछाना ठेवायचा का ऑर्गन, एवढाच प्रश्न होता, आणि बिछान्यात दोन माणसं झोपतात.

“बाकीचं विक, नाहीतर जाळ,” फेना म्हणाली होती. “ऑर्गन तेवढा वाजवणाऱ्याच्या घरी जाऊ दे, हार्म. कचऱ्यात नको.”

मी हो म्हणालो. मला काय माहीत!

मुलीनं मला फोनवर जाहिराती टाकायला शिकवलं आणि मी माणसाच्या जातीला ओळखायला लागलो. पुलावर अडतीस वर्षांत जेवढी ओळखली नव्हती, तेवढी तीन आठवड्यांत. पहिला प्रश्न कायम एकच: “अजून आहे का?” अरे, नसतं तर जाहिरात असती का? मी “हो” लिहायचो आणि मग ते गायब. दुसरे विचारायचे, “शेवटचं किती?” नमस्कार नाही, चमत्कार नाही. तिसरे विचारायचे रुंदी किती, जी मी दुसऱ्याच ओळीत लिहिलेली होती. चौथे म्हणायचे “आज सातला येतो” आणि मी सातला दिवा लावून बसायचो. एक बाई खुर्ची न्यायला आली, खुर्चीवर बसून आपल्या नवऱ्याला ती आवडेल का यावर अर्धा तास बोलली आणि शेवटी आमची खिडकीतली जिरॅनियमची कुंडी घेऊन गेली. ती विकायला नव्हतीच.

विकलं काय, ते ऐका. पूल उघडताना मी गळाच्या काठीला दोरी आणि दोरीला लाकडी बूट बांधून बोटवाल्यांपुढे सोडायचो, त्यात ते पुलाचे पैसे टाकायचे. तो फुटका बूट उत्रेख्तच्या एका दाढीवाल्यानं घासाघीस न करता साठ युरोंना नेला आणि वर मला काठी धरून उभं राहायला लावलं.

“थोडं हसा ना, आजोबा,” तो म्हणाला.

“कामावर असताना मी हसायचो नाही,” मी म्हणालो.

“तेच तर मस्त आहे!” म्हणत त्यानं फोटो काढला. आता मी कुणाच्या तरी भिंतीवर आहे.

आणि जमीन. भाड्याचं घर सोडताना जमिनीवर घातलेल्या लाकडी पट्ट्यासुद्धा उखडून न्यायच्या, खाली उघडं काँक्रीट दिसलं पाहिजे, असा संस्थेचा नियम. वीस वर्षं आम्ही ज्यावर चाललो त्या घासलेल्या पट्ट्या मी जाहिरातीत टाकल्या, आणि चाळीस मिनिटांत गिऱ्हाईक हजर. दोन भाऊ आले, गुडघ्यावर बसून खटाखट जमीन उपटली आणि गाडीत घालून गेले. फुटक्या बुटाला गिऱ्हाईक होतं आणि पायाखालच्या फळ्यांनाही होतं.

ऑर्गनला नव्हतं. पाद्रीसाहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, “हार्म, मागच्या खोलीत तीन पडलेत. प्रत्येक मयतीनंतर एक येतो.” शाळेनं सांगितलं, मुलं हेडफोन लावून वाजवतात. जुन्या वस्तूंच्या दुकानातला माणूस तर हसलाच. जाहिरातीखाली आकडे दिसायचे: एवढ्यांनी बघितलं, एवढ्यांनी हृदयाची खूण करून जपून ठेवलं. बघितलं एक्कावन्न जणांनी. जपून ठेवलं एकानं.

त्या एका माणसावर मी दिवस काढले. खोटं कशाला सांगू? सकाळी उठून आधी ते हृदय बघायचो, आहे ना म्हणून. एखादी संगीत शिकवणारी बाई असेल, असं मला वाटायचं. तिच्याकडे मोठी गाडी नसेल, पगाराची वाट बघत असेल. म्हणून मी किंमत पन्नासवरून तीस केली, तीसवरून दहा. हृदय जागचं हललं नाही, बाई काही आली नाही.

रोज संध्याकाळी मी फेनाकडे जायचो. ती खिडकीपाशी बसलेली असायची, मांडीवर मुलीनं दिलेला टॅब. त्यावर ती पत्ते खेळते अशी माझी समजूत होती.

“आज कोण आलं होतं?” ती विचारायची.

“येतायत की. रांग लागलीय.”

“वाजवून बघितला का कुणी?”

“बघतायत.”

ती मान हलवायची आणि टॅबकडे वळायची.

बुधवारी माझं डोकं फिरलं. फुकट ते पौष्टिक म्हणतात, तर घ्या फुकट! मी तीच जाहिरात उघडून मजकूर नव्यानं लिहिला. जसा लिहिला तसाच सांगतो: “जुनाट धूड. फुकट. जड आहे, दोन माणसं आणा. शुक्रवारच्या आत न्या. आवाज कुणाला नकोच आहे, निदान लाकूड तरी चुलीला चालेल.” लिहून झाल्यावर बरं वाटलं. सगळ्या एक्कावन्न जणांच्या तोंडावर थुंकल्यासारखं वाटलं.

फुकट म्हटल्यावर अकरा जणांनी “अजून आहे का?” विचारलं. तिघांनी वेळ दिली. एकही आला नाही. मग मी टेरप्स्ट्राला फोन केला. मान खाली घालून केला, हेही सांगतो. दारूचं कपाट तर दारूचं कपाट, निदान पेटी कुणाच्या तरी घरात उभी राहिली असती.

“अहो, आम्हाला दुसरा मिळाला,” तो म्हणाला. “त्यावर ओरखडाही नाही.”

शुक्रवारी सकाळी शेजारचा कोएर्ट ट्रेलर घेऊन आला. आम्ही दोघांनी गालिच्यावर घालून ऑर्गन ओढत बाहेर काढला, उघड्या काँक्रीटवरून. पूल ओलांडून गावाबाहेरच्या कचरातळावर गेलो. तिथं केशरी जाकिटातल्या माणसानं ट्रेलरमध्ये डोकावून बघितलं.

“लाकूड का विजेचं?” त्यानं विचारलं.

“ऑर्गन आहे,” मी म्हणालो.

“ते दिसतंय. पण लाकूड एक नंबरच्या कंटेनरला, विजेचं सहाला. दोन्ही एकत्र चालत नाही. सुटं करून आणा.”

“इथं?”

“तिकडे बाजूला करा. मागं रांग आहे, आजोबा.”

कोएर्टनं हातोडी काढली. मी ती त्याच्याकडून घेतली. दुसऱ्या कुणी ते करावं असं मला वाटेना. पाठची फळी काढली, वायरी तोडल्या, स्पीकर उपसले. पट्ट्या एका बाजूनं एकदम निघाल्या आणि पायांनी वाजवायच्या खालच्या लांब पट्ट्या एकेक करून काढाव्या लागल्या. डावीकडच्या दोन फेनाच्या टाचेनं झिजून खोलगट झाल्या होत्या. मागं गाडीतला माणूस भोंगा वाजवत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी भोंग्याला शिवी दिली नाही. लाकूड एक नंबरला टाकलं, विजेचं सहाला. मला रडू आलं आणि कोएर्टला ते दिसलं. तो भला माणूस, आपल्या दोऱ्या गुंडाळत बसला.

दुपारी संस्थेची बाई आली, काँक्रीट बघून खूश झाली, किल्ल्या घेतल्या. दारातच नवं जोडपं उभं होतं, हातात जमिनीच्या पट्ट्यांचे नमुने. ओक घ्यायचा का राखाडी, यावर त्यांचं भांडण चाललं होतं.

संध्याकाळी मी फेनाकडे गेलो, या वेळी राहायलाच. तिनं कॉफी केली होती. वॉकर धरून दोन कप आणायला तिला चार मिनिटं लागली आणि मी मदत केली नाही, कारण तिला ते आवडत नाही. तिनं डबा उघडला, मला एक बिस्किट दिलं, एक स्वतः घेतलं, झाकण लावलं.

“गेला?” तिनं विचारलं.

“गेला.”

“कुणाकडे?”

“एक कुटुंब आलं होतं. असेन गावाकडचं.” मी कॉफी ढवळत होतो. “नऊ वर्षांची मुलगी आहे त्यांना. मारिट. बसली आणि वाजवायलाच लागली. बापाला तिला ओढून उठवावं लागलं.”

“काय वाजवलं?”

“वॉल्ट्झ होता काहीतरी.”

“छान,” फेना म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती. तिथून पूल दिसत नाही, सायकलींची शेड दिसते.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. काढून बघितला, तर कुणा अनोळखी माणसाचे तीन शब्द: “अजून आहे का?”

तळपायाची आग मस्तकात गेली. तीन आठवडे कुठं कडमडला होतास? मी उत्तर दिलं नाही. जाहिरात उघडली, खालचं बटण दाबलं आणि ती काढून टाकली, कायमची. हुश्श म्हणून फोन टेबलावर ठेवला.

फेनाच्या मांडीवरचा टॅब टिंग वाजला.

पडदा उजळला. मी समोरच बसलो होतो, उलटी अक्षरंसुद्धा मला वाचता आली. तुम्ही जपून ठेवलेली जाहिरात काढून टाकण्यात आली आहे. शेजारी ऑर्गनचा छोटा फोटो होता, मीच काढलेला, त्याच्या कोपऱ्यात लाल हृदय.

म्हणजे ती संगीतशिक्षिका ही होती. पन्नास, तीस, दहा तिनं बघितले होते. फुकट बघितलं होतं. जुनाट धूड आणि चुलीला चालेल, हेही तिनं वाचलं होतं, आणि तरी हृदय काढलं नव्हतं. आणि मी मारिटचा वॉल्ट्झ वाजवत होतो तेव्हा जाहिरात तिच्या मांडीवर अजून जिवंत होती. जगातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना मी तीन आठवडे नालायक म्हणत होतो. आता त्या शब्दाला आणखी एक धनी मिळाला.

काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं. फेनानं टॅब उलटा करून उशीखाली सारला. मग हात लांब करून बिस्किटांचा डबा ओढला, पुन्हा उघडला आणि माझ्यापुढे धरला.

“घे,” ती म्हणाली. “आज खूप ओझं उचललंयस.”

मी बिस्किट घेतलं. हाताला अजून वायरीच्या रबराचा वास येत होता. तिलाही आला असणार.

“हार्म,” थोड्या वेळानं ती म्हणाली, “पाय पोचतात का रे तिचे, खालच्या पट्ट्यांपर्यंत? मारिटचे?”

“अजून नाही,” मी म्हणालो. “पण वाढतेय पोर.”