हिरवळीवरची दोरी

बेरिल हॉस्किन नवऱ्याचा, लेनचा, पायजमा घरासमोरच्या गावाच्या सामाईक हिरवळीवरच्या दोरीवर टाकत होती, तेवढ्यात रुपर्ट पुन्हा आला. लंडनहून चार वर्षांपूर्वी राहायला आलेला हा गृहस्थ आता गावाच्या वारसा समितीचा अध्यक्ष होता.

"मिसेस हॉस्किन, मंगळवारी सुंदर गाव स्पर्धेचे परीक्षक येतायत. हे कपडे जरा घरात वाळवता येतील का?"

"घरात? चादर काय लेनच्या डोक्यावर टांगू?"

"तसं नाही हो. पण एवढी गवती छपरं, दगडी भिंती, आणि मधेच अशी..." चड्डी म्हणायची त्याला लाज वाटली.

बेरिलचं डोकंच फिरलं. कुजलेली खिडकी बदलायला सात महिने परवानगीची वाट पाहायची, दाराचा रंग समितीला विचारून लावायचा, पर्यटकांनी काचेला नाक लावून आपलं जेवण बघायचं. आता कपडेही धुवायचे नाहीत? ती तरातरा गावच्या दप्तरखान्यात गेली. तिथलं काम तिची मैत्रीण आयव्ही बघायची. दोघींनी दोन दुपारी जुनी कागदपत्रं उपसली आणि अखेर सापडलं. सतराशे चौऱ्याऐंशीचा ठराव: हिरवळीलगतच्या सहा घरांना तिथे कपडे वाळवायचा कायमचा हक्क.

"अगं, हे बघ, तुझ्याच घराचं नाव!" आयव्ही ओरडली.

बेरिलने तो कागद रुपर्टपुढे आपटला. त्याचं तोंड पडेल असं तिला वाटलं होतं. उलट ते खुललं.

"हा तर आपला खरा वारसा!"

आठवड्याभरात दोरीशेजारी या जुन्या हक्काची माहिती देणारा लाकडी फलक लागला. मग रुपर्ट दारात हजर.

"रविवारी वाळत घालाल का कपडे? पर्यटक तेव्हाच येतात. पांढऱ्या चादरी, शक्यतो सुती. नायलॉनचं काही नको."

"मी सोमवारी धुते."

"एखाद्या रविवारी..."

"तुमच्याच चादरी टाका ना!" तिने दार लावून घेतलं.

त्याने खरंच टाकल्या. रविवारी चार इस्त्रीच्या चादरी डौलात फडकत होत्या, आणि जेवणाच्या वेळी पाऊस आला. रुपर्टचा पत्ता नव्हता. बेरिल खिडकीतून बघत राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं.

"राहू दे गं, भिजू देत," लेन म्हणाला.

"भिजताना बघवत नाही ना मला!"

चडफडत तिने रेनकोट चढवला आणि त्या मूर्ख माणसाच्या चादरी काढायला बाहेर पडली.